पूल खालून पाहावा

आमच्या वाडीतून रत्नागिरीला महाविद्यालयात यायचे म्हणजे आधी डोंगर उतरून फाट्यावर यावे लागते आणि मग महामार्गावरची एस. टी. धरावी लागते. ही गाडी शास्त्री नदी ओलांडते, संगमेश्वरला सोनवी ओलांडते, पुढे बावनदीच्या पुलावरून जाऊन निवळीचा घाट चढते आणि हातखंब्याला रत्नागिरीकडे वळते. तीन नद्या, तीन पूल. पूल आला की शेजारची एखादी म्हातारी कनवटीचे नाणे काढून खिडकीतून नदीत टाकते आणि हात जोडते. कंडक्टर हिशोबात गुंतलेला असतो, आम्ही कॉलेजची मुले गप्पांत असतो. अर्ध्या मिनिटात पूल संपतो. पहिले वर्षभर मी अशीच ये-जा केली. आपण एका पुलावरून गेलो, हेही कधी ध्यानात आले नाही.

यंदा या अंकासाठी आपल्या परिसराविषयी काही लिहावे असे सरांनी सुचवले, तेव्हा मी घरी आजोबांना विचारले, "आबा, आपल्या रस्त्यावरच्या पुलांवर लिहू का?" आजोबा सार्वजनिक बांधकाम खात्यात मैलकुली होते. मैलकुली म्हणजे रस्त्याचा ठराविक पट्टा ज्याच्यावर सोपवलेला असे तो मजूर. खड्डे बुजवणे, कडेची गटारे मोकळी ठेवणे, पावसाळ्याआधी मोऱ्यांतला गाळ-पाचोळा उपसणे आणि दरड आली तर लाल फडके घेऊन रस्त्यात उभे राहणे, ही त्यांची कामे. माझा प्रश्न ऐकून ते म्हणाले, "लिव की. पन पूल वरनं बगून काय कलनार? खालती उतरून बग."

प्रस्तुत लेख म्हणजे त्यांच्या या एका वाक्याचा विस्तार आहे.

आपला मुंबई-गोवा महामार्ग पनवेलजवळ सुरू होतो आणि कोकण, गोवा, कर्नाटक करीत पार दक्षिणेला जातो. कित्येक वर्षे तो राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १७ म्हणून ओळखला जाई. २०१० साली देशभरातल्या महामार्गांना नवे क्रमांक मिळाले आणि तो ६६ झाला. जुनी माणसे मात्र अजूनही 'सतरा नंबर'च म्हणतात. या रस्त्याविषयी लहानपणापासून मला एक कोडे होते. रत्नागिरी हे जिल्ह्याचे गाव. मग महामार्ग रत्नागिरीतून का जात नाही? तो हातखंब्यावरून, म्हणजे तेरा-चौदा किलोमीटर अलीकडूनच, पुढे पालीकडे का निघून जातो? गुहागर, दाभोळ, जयगड, जैतापूर ही समुद्रकाठची नावाजलेली ठिकाणेही त्याने बाजूलाच ठेवली आहेत.

याचे उत्तर खाली, पाण्यात आहे. कोकणातल्या नद्या लांबीने लहान. सह्याद्रीच्या माथ्यापासून समुद्र सरळ रेषेत जेमतेम पन्नास-साठ किलोमीटर. पण समुद्राजवळ याच नद्यांच्या रुंद, खोल खाड्या होतात. दाभोळची खाडी, जयगडची खाडी, भाट्याची खाडी, जैतापूरची खाडी अशी एकामागून एक पाण्याची आडवी भिंतच किनाऱ्यावर उभी आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या साधनांनी तेथे पूल बांधणे आवाक्याबाहेरचे होते. आज रत्नागिरीजवळ भाट्याच्या खाडीवर पूल आहे आणि किनाऱ्याने जाणाऱ्या सागरी महामार्गासाठी आणखीही काही खाड्यांवर पूल झाले. तरीही दाभोळ-धोपावे येथे गाड्या फेरीबोटीत चढवूनच खाडी पार करतात. म्हणून जुन्या रस्त्याने शहाणपणाचा मार्ग धरला. तो खाडीचे तोंड सोडून आत सरकला आणि जिथे खाडी संपून नदी सुरू होते तिथे, म्हणजे भरतीचे पाणी जिथवर चढते त्याच्या आसपास, त्याने नद्या ओलांडल्या.

आता गंमत पाहा. भरतीचे पाणी जिथवर चढते तिथवर पूर्वी गलबते आणि पडावही चढत असत. महाड, चिपळूणचे गोवळकोट, संगमेश्वर, राजापूर, खारेपाटण ही सगळी जुनी बंदरे आहेत. समुद्रापासून इतक्या आत बंदर कसे, असा प्रश्न इतिहासाच्या तासाला पडतो, त्याचे उत्तर हेच. भरतीबरोबर माल येथवर येई, बैलांच्या पाठीवर लादला जाई आणि कुंभार्ली, आंबा, अणुस्कुरा अशा घाटांनी देशावर जाई. राजापुरास सतराव्या शतकात इंग्रजांनी वखार घातली ती याच कारणाने. म्हणजे या बाजारपेठा आधीपासून एका ओळीत उभ्याच होत्या. रस्त्याने त्या जोडल्या आणि त्यांना जोडताना मधल्या नद्यांवर पूल आले.

उत्तरेकडून मोजत येऊ. काही पूल थेट या बाजारपेठांशी आहेत, तर काही नदीच्या आणखी वरच्या अंगाला. रायगड जिल्ह्यात महाडजवळ सावित्री. कशेडी घाट उतरल्यावर खेडला जगबुडी. भोस्ते आणि परशुराम हे घाट ओलांडले की चिपळूणला वाशिष्ठी. संगमेश्वरजवळ शास्त्री आणि सोनवी. मग बावनदी. पाली सोडल्यावर आंजणारीला काजळी. लांज्यापुढे वाकेडला मुचकुंदी. शेवटी राजापूरला अर्जुना. दर दोन नद्यांमध्ये सह्याद्रीचा एकेक फाटा पश्चिमेकडे उतरलेला आहे. म्हणून आपला रस्ता घाट चढतो, घाट उतरतो, नदी ओलांडतो आणि पुन्हा घाट चढतो. एस. टी.त ज्यांना मळमळते त्यांना हा भूगोल पुस्तकावाचूनही ठाऊक असतो!

पूल नव्हते तेव्हा माणसे कशी जात? मोठ्या नदीवर तर असे, म्हणजे माणसे पैलतीरी नेणारी होडी. लहान पऱ्यावर साकव. पोफळीचे किंवा माडाचे सोट आडवे टाकायचे, त्यांवर बांबूची कामटी बांधायची, धरायला एका बाजूस वेलाचा किंवा बांबूचा आधार करायचा, की झाला साकव. तो दरवर्षी वाहून जाई आणि दरवर्षी वाडीतली माणसे एकत्र येऊन तो पुन्हा घालीत. आजोबांच्या लहानपणी आमच्या वाडीचा शाळेचा रस्ता अशाच साकवावरून होता. पऱ्याला मोठे पाणी आले की शाळा बुडे. आजोबांची शाळा तिसरीनंतर सुटली त्याला साकव हे एकमेव कारण नव्हते, पण तेही एक होतेच. पूल म्हणजे नुसती दगडमातीची वस्तू नसते हे मला यावरून पटले. माझ्या वाटेवर पूल नसते तर मी आज ही ओळ लिहीत नसते.

जुन्या पुलांची बांधणी समजून घेण्यासारखी आहे. सावित्रीवरचा जुना पूल १९२८ सालचा, दगडी कमानींचा. १९२७ साली महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, त्याच्या पुढच्या वर्षीचा. आपली एस. टी. सुरू झाली १९४८ साली. म्हणजे एस. टी.पेक्षा तो पूल वीस वर्षांनी मोठा. बैलगाड्या आणि थोड्या मोटारी यांच्या काळात बांधलेल्या त्या पुलावरून पुढे ट्रक, टँकर आणि गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांच्या गाड्यांची रीघ गेली, आणि त्याने ती पेलली.

एवढे बळ कमानीत येते कोठून? कमानीचे दगड पाचरीच्या आकाराचे घडवलेले असतात. वरून वजन आले की दगड एकमेकांवर अधिकच दाबले जातात. दगड ताणाला कच्चा, पण दाबाला फार पक्का. कमान त्याच्याकडून नेमके दाब सोसण्याचेच काम करून घेते. मात्र या दाबाचा रेटा दोन्ही बाजूंना ढकलत असतो. एका रांगेत पाच-सहा कमानी असल्या तर शेजारच्या दोन कमानी मधल्या खांबाला समोरासमोरून रेटतात आणि त्यामुळे तो तोलात राहतो. रिंगण करून एकमेकांच्या खांद्यावर रेलून उभी राहिलेली मुले डोळ्यांपुढे आणा. सगळी उभी आहेत तोवर कुणीच पडत नाही. एकाचा पाय सरकला की मात्र शेजारचाही जातो. कमानींच्या पुलाचे तसेच आहे. एक खांब ढळला तर एकच कमान पडून भागत नाही.

आणि खांब ढळतो तो वरच्या वजनाने क्वचित. बहुधा तो खालच्या पाण्याने ढळतो. पुराचे पाणी खांबाला अडते, त्याच्या दोन्ही अंगांनी वळते आणि बुडाशी भोवरा करते. समुद्रावर लाटेत उभे राहिलो की पायाखालची वाळू सरकते आणि टाचेखाली खड्डा पडतो, हे भाट्याला गेलेल्या प्रत्येकाने अनुभवले असेल. तेच येथे मोठ्या प्रमाणावर घडते. पाया खडकात नीट बसलेला असेल तर भय कमी. पण वाळू-गोट्यांचा थर खरवडला जाऊन पाया उघडा पडला, तर पूल वरून कितीही धडधाकट दिसो, आतून तो पोकळ झालेला असतो. नदीतला बेसुमार वाळूउपसा या कामात पाण्याला मदतच करतो. यातली सर्वांत फसवी गोष्ट अशी की, पूर ओसरताना वाहून आलेली वाळू त्याच खड्ड्यात पुन्हा भरते. उन्हाळ्यात पाहणाऱ्याला नदीचे तळ सपाट, जागच्या जागी दिसते. जखमेवर खपली धरते, पण आतली जखम भरलेली नसते.

आपल्या नद्यांना आणखी एक अडचण आहे. जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो मुख्यतः चार महिन्यांत पडतो. घाटमाथ्यावर पडलेले पाणी काही तासांतच खाली पोचते. वाशिष्ठीला तर कोयनेच्या वीजघरातून सुटलेले, मूळ देशावरचे पाणीही येऊन मिळते. त्याच वेळी समुद्राला भरती असली तर खालून वर चढणारे पाणी पुराला वाट देत नाही. ज्या जागी पूर्वी भरती गलबते आणून सोडी, त्याच जागी आज ती पूर अडवून धरते. बंदर, बाजारपेठ, पूल आणि पूर ही चारही एकाच जागी येण्याचे कारण एकच आहे. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण बुडाले तेव्हा पौर्णिमा दोन दिवसांवर होती, म्हणजे उधाणाचे दिवस होते. त्या पुरात वाशिष्ठीवरच्या जुन्या पुलाचीही हानी झाली आणि महामार्ग तुटला.

आणि २ ऑगस्ट २०१६. त्या रात्री आषाढी अमावास्या होती. सावित्रीला मोठा पूर होता. महाडजवळ तेव्हा दोन पूल होते. गोव्याकडे जाणारी वाहने नव्या पुलावरून आणि मुंबईकडे जाणारी जुन्या पुलावरून जात. रात्रीच्या अंधारात जुना पूल कोसळला. रस्ता तुटला आहे हे मागून येणाऱ्यांना दिसण्याचा संभवच नव्हता. राजापूर-बोरिवली आणि जयगड-मुंबई या दोन एस. टी. गाड्या आणि एक खासगी मोटार पुरात गेली. सुमारे चाळीस माणसे गेली. काहींचे देहही मिळाले नाहीत. दोन्ही गाड्या आपल्याच जिल्ह्यातून सुटलेल्या. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते. दुसऱ्या दिवशी आमच्या वाडीत कुणी मोठ्याने बोलत नव्हते एवढे मला आठवते. ज्या घरातले कुणी मुंबईला असते त्या घरी त्या गाड्या परक्या नसतात, आणि आमच्याकडे प्रत्येक घरातले कुणी ना कुणी मुंबईला असतेच. आजोबा ओटीवर बसून होते. ते इतकेच म्हणाले, "खालती कोन गेला हुता का बगायला?"

त्या पुलाची पाहणी त्याच वर्षी मे महिन्यात झाली होती आणि तो वाहतुकीस योग्य ठरला होता. येथे कुणा व्यक्तीवर दोष टाकावा हा माझा हेतू नाही, तो माझा अधिकारही नाही. पण मे महिन्यातली नदी आणि ऑगस्टमधली नदी या दोन वेगळ्या नद्या आहेत, एवढे तरी यातून आपण शिकावे. सावित्रीवर नवा पूल अवघ्या १६५ दिवसांत उभा राहिला आणि ५ जून २०१७ रोजी खुला झाला. हे काम कौतुकाचेच. मनात आले तर आपण किती वेगाने पूल बांधू शकतो हे त्याने दाखवले. पण पूल बांधण्याचा समारंभ होतो, पूल पाहण्याचा होत नाही.

पुलांविषयी आपल्याकडे एक गोष्ट हमखास सांगितली जाते. इंग्लंडहून पत्र येते म्हणे, "आम्ही बांधलेल्या पुलाची शंभर वर्षांची मुदत संपली, आता वापरू नका." हे ऐकताना आपल्याला इंग्रजांच्या कामाचा दरारा वाटतो. पण औषधाच्या बाटलीवर असते तशी तारीख पुलावर नसते. नीट राखलेला पूल शंभरी ओलांडतो आणि दुर्लक्षिलेला पूल त्याआधीच जातो. सावित्रीचा पूल गेला तेव्हा त्याचे वय ८८ होते. पत्राची वाट कशाला पाहायची? पूल स्वतःच आपल्याला सांगत असतो. ऐकायला कुणीतरी खाली जायला हवे.

जुने ते सगळे धोक्याचे आणि नवे ते सगळे भक्कम असेही नाही. खेडचा जगबुडीवरील जुना पूल अरुंद होता. १९ मार्च २०१३ रोजी पहाटे गोव्याहून मुंबईकडे जाणारी एक खासगी बस त्याचा कठडा तोडून नदीपात्रात कोसळली आणि ३७ माणसे दगावली. तेव्हा पूर नव्हता आणि पूलही पडला नव्हता. उलट १६ ऑक्टोबर २०२३ रोजी चिपळूणला बहादूरशेख नाक्याजवळ, बांधकाम चालू असलेल्या उड्डाणपुलाचाच भाग कोसळला. सुदैवाने त्यात जीवितहानी झाली नाही. चौपदरीकरणात आता आपल्या नद्यांवर रुंद, उंच नवे पूल आले आहेत. ते आपल्या सोयीचे आहेत यात शंका नाही. परंतु त्यांचे खांबही त्याच नद्यांत उभे आहेत.

दिवाळीच्या सुट्टीत मी आजोबांबरोबर आमच्या फाट्याजवळच्या पऱ्यावरचा जुना पूल पाहायला उतरले. एकच दगडी कमान, आत उभे राहता येईल एवढी. त्यावरून मी हजार वेळा गेले असेन. खाली कधी गेले नव्हते. आत थंडावा होता आणि वरून गाडी गेली की छातीत घुमल्यासारखे होई. आजोबांनी काठीने एकेक गोष्ट दाखवली. दगडांच्या सांध्यांतला चुना कुठे गळून गेला आहे. पिंपळाचे रोप कुठे रुजले आहे. रोप बोटाएवढे असते तेव्हा उपटले तर निघते. मनगटाएवढे झाले की ते दगड फोडते, आणि मग कापले तरी मूळ आतच राहते. कुठे ओल उतरते आहे, म्हणजे वरच्या रस्त्याचे पाणी बाहेर न जाता पुलात मुरते आहे. बुडाशी कुठे हात घालता येईल एवढी पोकळी झाली आहे. पुराची खूण म्हणून झाडाच्या फांदीत अडकलेला पालापाचोळा किती उंच आहे. हे पाहायला त्यांना कोणतेही यंत्र लागले नाही. तीस वर्षे ते दर उन्हाळ्यात आणि दर पुरानंतर असे खाली उतरत. काही वावगे दिसले तर मुकादमाला सांगत, आणि मुकादम वर कळवी.

आता आमच्या पट्ट्यात असा माणूस दिसत नाही. कामे ठेक्याने होतात, यंत्रे येतात, एका दिवसात मैलभर डांबर पडते. आजोबांना त्या वेगाचे नवल वाटते. पण दर पुरानंतर त्याच पुलाखाली जाणारा तोच माणूस राहिला नाही. त्याच माणसाला गेल्या वर्षीची पोकळी केवढी होती हे आठवते. नवख्याला ती पहिल्यांदाच दिसते, आणि नेहमीचीच असेल असे वाटते.

म्हणून माझी एक साधी सूचना आहे. आपल्या महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे होतात. झाडे लावतो, रस्ते झाडतो. त्याबरोबर प्रत्येकाने आपल्या गावच्या एका पुलाची वही ठेवावी. वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि पाऊस संपल्यावर, मोठ्या माणसांबरोबर व पाणी उतरल्यावरच, खाली जावे. सांधे, झाडांची मुळे, ओल, तडे, बुडाशी पडलेला खड्डा, कठड्याची स्थिती आणि पुराची खूण, एवढ्या सात गोष्टी लिहाव्यात आणि एक प्रत ग्रामपंचायतीत द्यावी. आपण अभियंते नाही, निदान करणे हे आपले काम नव्हे. पण गेल्या वर्षी येथे बोट जात होते आणि यंदा हात जातो, एवढे लिहायला कला शाखेचा विद्यार्थीही पुरेसा आहे. मी आमच्या फाट्यावरच्या पुलाची वही सुरू केली आहे. पहिले पान आजोबांनी सांगितले आणि मी लिहिले. त्यांना लिहिता येत नव्हते म्हणून तीस वर्षांचे जे राहून गेले, त्यातले निदान एवढे तरी कागदावर आले.

परवा शास्त्रीच्या पुलावर शेजारच्या आजींनी नेहमीप्रमाणे नदीत नाणे टाकले आणि हात जोडले. मीही खिडकीतून खाली वाकून पाहिले. खांबांच्या बुडाशी पाणी वळत होते.